बिनवासाचं कापड

मी उमरेडची. लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा सासरची गल्ली मला आधी नाकाने कळली, मग डोळ्यांनी. गल्लीच्या तोंडाशी अत्तराचं दुकान, मधोमध आमचं विणकराचं घर आणि दोन्ही बाजूंनी कोष्ट्यांच्या चुली. सकाळी सुताला लावायच्या खळीचा, म्हणजे भाताच्या पेजेचा, आंबूस वास. दुपारी सावजी मसाला भाजल्याचा ठसका. संध्याकाळी वारा फिरला की अत्तरवाल्या चाचांच्या दुकानातून गुलाब, हिना, केवडा सगळं मिळून घरात शिरायचं. पहिला आठवडा मी नुसती शिंकत होते. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, उमरेडले वास नसते का?" मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "असते, पण एका वेळी एकच." त्या दिवसापासून आमचं जमलं.

चाचा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे लंगोटीयार. दोघं एकाच गल्लीत वाढले. एक मागावर बसला, दुसरा अत्तराच्या कुप्यांमागे. दुकानाच्या मागेच चाचांचं घर, त्यामुळे त्या घरातली एक वस्तू अत्तरातून सुटलेली नव्हती. त्यांच्याकडचा चहा केवड्याचा लागायचा. त्यांची बकरी आमच्या दारावरून गेली तर आत बसल्या बसल्या कळायचं, कारण तिला हिनाचा वास यायचा. चाची म्हणायच्या, "बेटी, मेरी तो नाकच मेली." चाचांचं नाक मात्र असं तिखट की आमच्या ओसरीवर पाय ठेवताच सांगत, आज वांगं आहे आणि ते थोडं लागलं आहे. सासूबाईंना या नाकाचा भारी राग होता.

सत्तरच्या आगेमागेची गोष्ट. चाचांचा हजचा नंबर लागला. किती वर्षं अर्ज करत होते, आणि एका दुपारी ते आमच्या अंगणात आले, मागाच्या खड्ड्याजवळ बसले आणि बोलेचनात. सासरे घाबरले. म्हणाले, "काहून गा, कोणी गेलं का?" चाचा म्हणाले, "मी जाऊन राहिलो." मग दोघंही रडले आणि मग दोघांनीही पेढे खाल्ले. चाचींचे गुडघे साथ देत नव्हते म्हणून त्या जाणार नव्हत्या. पण आनंद त्यांनाच जास्त झालेला. गल्लीभर घरोघरी त्याच सांगत फिरल्या, गुडघे बिडघे विसरून.

तेव्हा हजला बोटीने जात. नागपूरहून रेल्वेने मुंबई, तिथून जहाज. जायच्या आधीचे दोन महिने चाचा रोज संध्याकाळी आमच्या अंगणात शेकोटीशी बसून तिथले नियम सांगायचे. मौलानांकडून शिकून यायचे आणि आमच्यावर उजळणी करायचे. आम्हाला तो हरदासच मिळाला होता.

"समुद्रातच हद्द येते," चाचा सांगत. "तिकडे यलमलम नावाचा डोंगर आहे म्हणते. दिसत नाही, पण जहाज त्याच्या समोर आलं का कप्तान भोंगा वाजवते. त्याच्या पहिले नहायचं, एहराम बांधायचा, नीयत म्हणजे संकल्प करायचा. तसंच हद्दीच्या आत गेलं तं गुन्हा लागते."

एहराम म्हणजे दोन पांढरी कापडं. एक कमरेला, एक खांद्यावर. शिवलेलं अंगावर काही नाही. डोकं उघडं. राजा असो का हमाल, सगळ्यांना तेच. एकदा बांधला की केस कापायचे नाहीत, नखं काढायची नाहीत, ऊसुद्धा मारायची नाही आणि कोणाशी भांडायचं नाही.

"भांडायचं नाही?" सासरे म्हणाले. "मंग हिले तिकडं नेता येत नाही."

सासूबाई आतून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी गेली तं तिथले लोकच तुमच्याशी भांडतीन. म्हणतीन, या बाईले इतके दिवस घरात कोंडून काहून ठेवलं."

"अन् सगळ्यात मोठी गोष्ट," चाचा म्हणाले आणि शेकोटीत बघत राहिले. "खुशबू नाही. एहरामात अत्तराचा वाससुद्धा चालत नाही."

आम्ही सगळे हसलो. अत्तरवाल्याला अत्तराची बंदी, म्हणजे हलवायाला साखरेची. पण चाचा हसले नाहीत. त्यांना खरीच धास्ती पडली होती. अंग घासून काढता येईल, म्हणाले, रिठ्याने घासेन, जहाजावर रोज घासेन. पण कापडाचं काय करू? माझ्या घरात कापड एक रात्र राहिलं तर त्याला वास लागतो. ट्रंकेत ठेवलं तर ट्रंकेला वास, भिंतीला टांगलं तर भिंतीला. "जनमभर लोकायले वास लावला. आता अल्लाच्या दारात बिनवासाचं जाईन म्हणतो, तं माह्यंच घर मले जाऊ देत नाही, भाऊ."

सासऱ्यांनी हातातलं सूत खाली ठेवलं. "मंग आमच्या घरी ठेव. अन् ठेवाचंच हाये तं बाजारातून आणते कायले? मी विणतो."

इथे आमच्या घरात ठिणगी पडली. चाचा गेल्यावर सासूबाईंनी परात अशी आपटली की शेजारचं कुत्रं उठून बसलं. त्यांच्या मागावरून आजवर फक्त लुगडी उतरली होती, काठापदराची, नवरीच्या अंगावर जायची. बिनकाठाचं पांढरं कापड विणायचं म्हणजे काय? तसं कापड माणसाला एकदाच लागतं आणि ते आणायला तो स्वतः जात नाही. "तुमचाच दोस्त हाये नं? मंग त्याच्यासाठी असं अभद्र काहून विणता?"

सासरे बोलण्यात त्यांच्यापुढे कधीच टिकले नाहीत, पण त्या दिवशी टिकले. म्हणाले, "अभद्र नाही वं. हे लगनच हाये त्याचं. नवरीचा शालू असते नं, तसं हे. इतकी वर्षं थांबला तो यासाठी." सासूबाई परत परातीकडे वळल्या. बराच वेळ भाकरीच थापत राहिल्या, लागत नव्हत्या तितक्याही. मग म्हणाल्या, "शालू म्हणता तं सूत चांगलं घ्या. ते गाठीचं नको." हा त्यांचा होकार होता.

सासऱ्यांनी ते कापड जीव लावून विणलं. त्यांचा हात काठाला इतका सरावलेला की कडेला आला की आपसूक लाल सुताकडे जायचा. मग स्वतःच्याच हातावर चापट मारायचे. मी बॉबिनं भरून देत होते आणि हसत होते. कापड उतरलं तेव्हा असं मऊ आणि घट्ट होतं की माझ्या लग्नातलंही नव्हतं. ते मी बोलूनही दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "तू काही हजले चालली नव्हती." कापड त्यांनी आपल्या शिसवी पेटीत घडी करून ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.

चाचांची गाडी दोन दिवसांवर आली. त्या सकाळी ते कापड बघायला आले. म्हणजे दुरूनच, हात लावणार नव्हते. सासूबाईंनी पेटी उघडली आणि मोठ्या मानाने ते पांढरं कापड वर काढलं. चाचा ओसरीच्या पायरीवरच थांबले. त्यांचं नाक एकदा हललं.

"भाभी," ते हळूच म्हणाले, "वाळा?"

"हो नं," सासूबाई म्हणाल्या. तोंड असं फुललेलं. "अन् कापूरकाचरी. अन् नागरमोथा. शालूले ठेवतो तसंच ठेवलं, भाऊजी. घडीघडीत पुड्या घातल्या. वाळा तुमच्याच दुकानातला हाये, जुना, चांगला."

चाचा पायरीवर बसले. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. मला हसूही येत होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते हेच. ज्या घरात अत्तर नाही म्हणून कापड ठेवलं, त्या घराने लाडाने त्याला सुगंधात मुरवलं होतं. सासूबाईंना कळायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा असा उतरला की त्यांच्याशी रोज भांडणारी मीसुद्धा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

चाचांचा मुलगा सोबत होता. तो म्हणाला, "अब्बा, बाजारातून दुसरं घेऊन टाकू. अन् ते अम्मीच्या माहेरी ठेवू." बोलला चुकीचं नाही. पण सासूबाई ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होत्या, ती बघून चाचांनीच त्याला गप्प केलं. "मी जाईन तं भाऊच्या कापडात," म्हणाले. उठले आणि तडक मशिदीत मौलानांकडे गेले. आम्ही सगळे दारात उभे. परत आले ते धावतच. मौलाना म्हणाले होते, वास जाईपर्यंत धुवा, वास गेला की कापड चालतं. पण गेला पाहिजे.

मग त्या गल्लीत जे काही झालं ते मी जन्मात विसरणार नाही. विहिरीवर धुणारी मी आणि काठावर बसून रडणारी माझी सासू. आधी चुलीच्या राखेत घोळलं, मग सोड्याच्या पाण्यात हंड्यात उकळलं, मग रिठा, मग पुन्हा नुसतं पाणी. पौषाची थंडी, हात माझे लाल. दर पाण्यानंतर सासूबाई कापड नाकाशी धरत आणि म्हणत, "हाये वं अजून." मी हुंगलं तर मला काही येईना. शेजारीण हुंगून म्हणाली, किंचित आहे. तिची नणंद म्हणाली, मुळीच नाही. समोरच्या घरातले आजोबा सर्दीने बेजार, तरी हुंगून गेले आणि गंभीरपणे मत देऊन गेले. पोस्टमन आला तर त्यालाही हुंगायला लावलं. तिसऱ्या पाण्यापर्यंत सासूबाईंना चहातही वाळा लागायला लागला होता.

"नकटीच्या लग्नाले सतराशे विघ्नं," सासरे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका. शालू म्हणून कोनं सांगतलं?"  सासरे गुपचूप उठले आणि वाळत घालायला मागाची लांब काठी घेऊन आले.

वाळत घालायचं म्हणजे आणखी पंचाईत. गल्लीत दुपारी घरोघरी मसाला भाजतात. त्या धुरात कापड टांगलं तर वाळ्याच्या जागी खोबरं आणि मिरी लागायची. सासूबाई पदर खोचून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. दारादारात उभं राहून एकच वाक्य, "आज मसाला भाजायचा नाही, हजचं कापड वाळून राहिलं." एरवी सासूबाईंचं ऐकणारं गल्लीत कोणी नव्हतं. पण त्या दुपारी एक तवा चढला नाही. कोष्ट्यांच्या गल्लीत सगळ्यांनी वरणभात खाल्ला. चाचांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि बाहेरून ओलं गोणपाट टांगलं. हिनावाली बकरी दूर तिसऱ्या गल्लीत नेऊन बांधली, ती तिकडून ओरडत राहिली.

संध्याकाळी कापड वाळलं. आता प्रश्न, सांगायचं कोणी? भरवशाचं नाक गल्लीत एकच आणि तेच अत्तरात बुडालेलं. ते जवळ आलं तर कापडाला वास लागणार, दूर राहिलं तर निकाल कोण देणार? शेवटी चाचांनी आमच्याच विहिरीवर रिठ्याने आंघोळ केली, कडकडीत थंडीत, सासऱ्यांनी त्यांच्या पाठीवर राख चोळली. माझ्या नवऱ्याचं धुवून ठेवलेलं जुनं धोतर नेसून चाचा कुडकुडत अंगणात आले. त्यांना अत्तराशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते. ते मला थोडे लहान वाटले.

हात पाठीमागे बांधून ते कापडाजवळ वाकले. डोळे मिटले. ओटीवर, भिंतीवर, झाडाखाली सगळी गल्ली श्वास धरून उभी.

"नागरमोथा गेला," चाचा म्हणाले. थोडं पुढे सरकले. "काचरी गेली." मग वाकूनच काठीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. "वाळा गेला."

सासूबाईंनी हात जोडले. पण चाचा अजून वाकलेलेच होते. "लेकिन कुछ है," ते म्हणाले. "काहीतरी हाये, भाभी."

सासूबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "आता काय करू मी, भाऊजी? माह्यानं तुमचा हज बाटला." त्यांना एवढं साधं, एवढं घाबरून बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

चाचांनी पुन्हा एकदा श्वास घेतला, लांब. मग डोळे उघडले आणि त्यांचा सगळा चेहरा हसला. "खळ," म्हणाले. "भाऊ, ही तं तुही खळ हाये."

"ते नाही जात," सासरे म्हणाले. "कितीबी धुवा. सुताच्या आत असते ते."

"मंग राहू दे. मी पेजेचं अत्तर कधी इकलं नाही." चाचा सरळ झाले, दात वाजत होते. "पेज म्हणजे अन्न हाये. अन्नाले कोन मना करते?" तरी सासूबाईंच्या समाधानासाठी मुलाला मौलानांकडे पिटाळलं. तो हसत परत आला. चालतं, म्हणाला, आणि मौलानांनी भाभींना सलाम सांगितला आहे. त्या रात्री गल्लीत दोन वेळचा मसाला एकदम भाजला गेला आणि चाचा पंगतीत बसून सावजी रस्सा नाकातून पाणी येईपर्यंत जेवले.

स्टेशनवर आणखी गंमत. हार घेऊन चाचांचे सगळे अत्तरवाले दोस्त आलेले, मोगरा काय, गुलाब काय. सासूबाई कापडाचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बाकाच्या पार टोकाला बसल्या होत्या आणि हारवाला कोणी जवळ आला की, "तिकडं राहा बापा, तिकडूनच घाला," म्हणत होत्या. गाडी हलली तेव्हा डबा खिडकीतून त्यांनी स्वतः दिला.

चाचा परत आले ते होळीच्या सुमाराला. काळे पडलेले, डोक्याचं मुंडण, आणि इतके खूश की वाक्य पुरं होत नव्हतं. खजूर, जमजमचं पाणी, सगळ्यांना थोडं थोडं. अंगणात बसून सांगत होते. भोंगा वाजला तेव्हा सगळं जहाज पांढरं झालं. आपला कोण, परका कोण, ओळखता येईना. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "भाभी, मले इतक्या वर्षांत माह्या अंगाचा वास कसा हाये तेच माहीत नव्हतं. तिथं माहीत पडलं."

"कसा हाये?" सासूबाईंनी विचारलं.

"भल्ला खराब हाये."

आम्ही पोट धरून हसलो. मग ते म्हणाले की काबा दिसला तेव्हा इतकी गर्दी होती की पाठ केलेली एक दुआ आठवेना. रडायलाच आलं. तेवढ्यात खांदा नाकाजवळ आला आणि त्या कापडाला खळीचा वास आला, आमच्या ओसरीचा. "पहिली दुआ तुमच्या घरची झाली, भाऊ. माह्या घरची मंग. तुही भाभी रागावन म्हणून सांगतलं नाही मी तिले." मागे चाची बसल्या होत्या. त्यांनी तिथेच ऐकलं आणि रागावल्याही नाहीत.

ते कापड त्यांनी जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवून आणलं होतं. त्यांच्याकडे ते जपून ठेवतात, शेवटी कफन म्हणून कामी यावं म्हणून. चाचांनी ते पुन्हा सासूबाईंच्या हातात दिलं. "तुमच्याच पेटीत ठेवा. माह्या घरात नको. अन् भाभी," बोट वर करून म्हणाले, "वाळा नाही." सासूबाई म्हणाल्या, "आता पेटीत माह्या नाकाचा वाराबी जाऊ देत नाही."

आणि तसंच केलं त्यांनी. दर वर्षी दिवाळीनंतर कापड उन्हात टाकायच्या आणि स्वतः काठी घेऊन बाजूला बसायच्या. वाळ्याची ती काढलेली पुडी त्यांनी फेकली नव्हती, स्वयंपाकघरात फळीवर पार वर ठेवली होती. मी एकदा म्हटलं, टाका ना ती. म्हणाल्या, "तुह्या बापाचं काय जाते?" चाचा रोज येत, वांगं लागलं आहे ते सांगत, आणि अधूनमधून पेटीकडे बघून विचारत, "काय, ठीक हाये नं माह्यं सामान?"

बरीच वर्षं गेली. गल्लीत टीव्ही आला, बरेच माग उठले, आमचाही. चाचा थंडीतल्या एका सकाळी गेले, झोपेतच, कोणाला त्रास नाही. त्यांचा मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. सासूबाईंनी कमरेची किल्ली काढली. कापड वर काढून सवयीने नाकाशी धरलं. सासरे हात पुढे करून कापडाच्या कडेवरून बोटं फिरवत राहिले, जिथे काठ नव्हता तिथे.

"काही वास नाही वं याले," सासूबाई मला म्हणाल्या. "खळसुद्धा नाही." मग चाचांच्या मुलाकडे वळल्या. "आता चालते का बाबा? वास?"

तो आधी समजलाच नाही. मग म्हणाला, "हो मौसी. आता लावतेत. काफूर, अत्तर, सगळं चालते."

सासूबाई आत गेल्या. फळीवरची पुडी काढली. वाळा सुकून काडी झालेला, त्याला आता कसलाच वास नव्हता. त्यांनी मोरीवर जाऊन त्याच्यावर पाण्याचा हात मारला आणि क्षणात घरभर वाळा झाला, काल आणल्यासारखा. ओली जुडी त्यांनी पांढऱ्या कापडाच्या घडीत ठेवली, हाताने दाबली आणि घडी त्याच्या हातात दिली.

"ने," म्हणाल्या. "आता त्याहीले हद्दीवर कोनी अडवत नाही."

त्या दुपारी गल्लीत कोणाच्याही चुलीवर मसाला भाजला गेला नाही. सांगायला कोणी गेलं नव्हतं.